अशोक खरा की खोटा?

सोसायटीच्या कुंपणालगत ताठ उभी असणारी उंच, निमुळती झाडे खऱ्या अशोकाची नव्हेत, हे अजूनही अनेकांना ठाऊक नसते. तो खोटा अशोक, म्हणजे आसुपालव. केशरी-तांबड्या फुलांच्या गुच्छांनी लहडणारा सीता-अशोक वेगळा. स्त्रियांच्या विकारांवर देतात त्या अशोकारिष्टाला साल लागते ती याच झाडाची. परंतु रानातला हा वृक्ष दुर्मीळ होत गेला आणि बाजारात त्याच्या नावावर आसुपालवाची सालही येऊ लागली.

पाने-फुले समोर असली, तर गफलत होत नाही. सालीची पूड झाली की मात्र भल्याभल्यांचे डोळे फसतात. अशा वेळी उपयोगी पडते क्रोमॅटोग्राफी, म्हणजे वर्णलेखन. विसाव्या शतकाच्या आरंभी मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीतून पानांचा अर्क सोडून त्यातली रंगद्रव्ये वेगळी केली, तेव्हापासूनची ही विद्या.

तत्त्व साधे आहे. टीपकागदावर शाईचा ठिपका द्या आणि त्याखालची कड पाण्यात बुडवा. पाणी वर चढते, तसे शाईतले रंग सुटे होतात. प्रयोगशाळेत कागदाऐवजी सिलिका जेलचा पातळ थर दिलेली पट्टी असते आणि पाण्याऐवजी योग्य द्रावक. जो घटक जेलला अधिक चिकटतो, तो मागे राहतो. अतिनील प्रकाशात दिसणारी ही पट्ट्यांची रांग म्हणजे वनस्पतीचा जणू अंगठ्याचा ठसाच. शेजारी खात्रीच्या नमुन्याचा ठसा ठेवला, की खरे-खोटे उघड होते.

प्रश्न केवळ पैशांच्या फसवणुकीचा नाही. बेल्जियममध्ये वजन उतरवण्याच्या उपचारात स्टेफानिया या चिनी वनस्पतीऐवजी, चिनी नावे सारखी असल्यामुळे, ॲरिस्टोलोकिया दिली गेली. अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे झपाट्याने निकामी झाल्याचे १९९३ मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना पुढे कर्करोगही झाला. त्या पुडीतले घातक आम्ल ओळखता आले ते वर्णलेखनामुळेच.

अर्थात, औषधाला गुण येईल की नाही, हे वर्णलेखन सांगत नाही. ते फक्त ओळख पटवते. आणि ओळख पटवायलाही खात्रीचा नमुना हवा, म्हणजे खरे झाड जिवंत हवे. पुढच्या पावसाळ्यात सोसायटीत झाड लावायचे ठरले, तर रोपवाटिकेत सीता-अशोक आवर्जून मागा.