तालमीतला फुटबॉल

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर आर्ब्रोथ नावाचं गाव आहे. लोकवस्ती पंचवीस हजारांच्या आतली, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. तिथला फुटबॉल क्लब १८७८ पासून चालू आहे. मैदान समुद्राला इतकं लागून, की वारा सुटला की लाटांचे तुषार खेळाडूंच्या अंगावर येतात. १२ सप्टेंबर १८८५ रोजी स्कॉटिश चषकाच्या सामन्यात या संघाने बॉन अ‍ॅकॉर्डला ३६-० असं हरवलं. आजही तो विक्रम सांगितला जातो. २०२१-२२ च्या हंगामात दिवसा नोकरीधंदा करणाऱ्या खेळाडूंच्या बळावर हाच संघ देशाच्या दुसऱ्या श्रेणीत दुसरा आला. एवढ्याशा गावाने दीडशे वर्षांच्या आसपास एक संघ कसा सांभाळला असेल? हे समजून घ्यायला स्कॉटलंड गाठायची गरज नाही. मराठवाड्यातल्या आपल्या मंठ्याहून कोल्हापूरला गेलं तरी पुरे.

पलटणींबरोबर आलेला चेंडू

आपल्या देशात फुटबॉल रुजवण्यात गोऱ्या पलटणींचा मोठा वाटा होता. १८८८ मध्ये सिमल्याला ड्युरँड चषक सुरू झाला. पहिल्याच अंतिम सामन्यात दोन्ही संघ स्कॉटिश पलटणींचे होते. रॉयल स्कॉट्स फ्युजिलियर्सने हायलँड लाइट इन्फंट्रीला २-१ असं हरवलं. १८९१ पासून मुंबईत रोव्हर्स चषक खेळला जाऊ लागला.

या रोव्हर्स चषकाशी मराठवाड्याचंही नातं आहे. १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं हा चषक हैदराबाद पोलिसांच्या संघाने जिंकला. त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारताने सुवर्णपदक मिळवलं. रोव्हर्स चषकाच्या त्या पाच वर्षांत मंठा, परतूर, जालना हा सगळा मुलूख हैदराबाद राज्यातच होता. तो राज्य पुनर्रचनेत १९५६ मध्ये बाहेर पडला. म्हणजे देशातला त्या काळचा सर्वोत्तम संघ आपल्याच राज्याचा होता.

लाल मातीवरून हिरवळीवर

कोल्हापुरात हा खेळ टिकला तो तालमींमुळे. राजर्षी शाहू महाराजांनी आपल्या कारकिर्दीत (१८९४ ते १९२२) कुस्तीला राजाश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबागचं कुस्ती मैदान उभं राहिलं. पेठापेठांतून तालमी वाढल्या. तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. गणपती तिथेच बसतो, मोहरमचे पंजेही तिथेच बसतात, भागातल्या अडल्यानडल्याला माणसं तिथूनच धावतात. अशा जागेत फुटबॉल शिरला तेव्हा त्याला खेळाडू, कार्यकर्ते आणि प्रेक्षक एका छपराखाली आयते मिळाले.

म्हणून तिथल्या संघांची नावं अशी आहेत : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. जोडीला शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब, फुलेवाडी क्रीडा मंडळ. या नावांवरूनच संघाचा मालक कळतो. मालक म्हणजे तो भाग, ती पेठ. आजोबा ज्या तालमीकडून खेळले, तिच्याच रंगाची जर्सी नातू घालतो.

लीगची शिस्त

नुसत्या ईर्ष्येवर खेळ पिढ्यान्‌पिढ्या चालत नाही. त्याला वेळापत्रक लागतं, नियम लागतात. ते काम १९४० मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेली 'केएसए', करते. हंगामाच्या सुरुवातीला खेळाडूंची नोंदणी होते, मग शाहू स्टेडियमवर वरिष्ठ गटातल्या सोळा संघांची साखळी रंगते आणि त्यानंतर एकेका चषकाच्या स्पर्धा उन्हाळ्यापर्यंत चालतात. पराभूत संघाला पुढचा सामना केव्हा आहे ते ठाऊक असतं, आणि म्हणूनच त्याची पोरं दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा सरावाला येतात. एका दिवसाच्या बक्षिसाच्या स्पर्धेतून ही सवय लागत नाही.

मोठ्या सामन्याला स्टेडियम खचाखच भरतं. विश्वचषकाच्या दिवसांत तर गल्ल्यांतून ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, मेस्सी-नेमारचे भव्य कटआउट उभे राहतात. या प्रेमाची दुसरी बाजूही आहे. समर्थकांची ईर्ष्या कधी हमरीतुमरीवर जाते, पोलीस बंदोबस्त लागतो. बाहेरून खेळाडू आणण्याची चढाओढ लागली की खर्च वाढतो आणि भागातल्या पोराची जागा जाते. तालमीचं बळ भागातल्या पोरांत आहे, हे ओळखणारे कार्यकर्ते तिथे आहेत, म्हणून मला या फुटबॉलची काळजी कमी आणि आशा जास्त वाटते.

त्या आशेला आधारही आहे. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. फिफाच्या विश्वचषकात भारताचा संघ उतरण्याची ती पहिलीच वेळ. मुलींनीही मजल मारली. एफसी कोल्हापूर सिटी हा संघ भारतीय महिला लीगमध्ये खेळला.

मंठ्याने काय घ्यावं

आपल्याकडे शाहू स्टेडियम नाही, संस्थानी राजाश्रयही नव्हता. पण कोल्हापूर आणि आर्ब्रोथ यांच्याकडून उचलण्यासारख्या गोष्टींना फार पैसा लागत नाही. फुटबॉलच्या नियमांत मैदानाची लांबी ९० ते १२० मीटर आणि रुंदी ४५ ते ९० मीटर चालते. एवढी मोकळी जागा बऱ्याच शाळा-महाविद्यालयांकडे निघते. आपल्याकडे गल्लीगल्लीत गणेश मंडळं आहेत. दहा दिवस एकदिलाने राबणारी ती पोरं वर्षभर एका संघाची पोरं होऊ शकतात. चार मंडळांचे चार संघ, प्रत्येकाची खेळाडूंची लेखी यादी, सुगी उरकल्यावर दर रविवारी एक सामना आणि निकाल लिहिलेली एक वही, एवढ्यावर लीग सुरू होते.

पहिली दोन-तीन वर्षं प्रेक्षक थोडे असतील, खेळ ओबडधोबड असेल. तरीही सामना ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी झालाच पाहिजे. मोठा खेळाडू घडेल किंवा न घडेल, पण आपल्या गल्लीची जर्सी घालून वेळेवर मैदानात उतरणारं पोरगं गावाला मिळेल. क्लब उभा करायला एवढं कारण पुरेसं आहे, आणि सुरुवात याच हिवाळ्यात करता येईल.