मन उदास, दोष गोळीला?

गेल्या कार्तिकात रब्बी ज्वारीच्या पाहणीसाठी एका गावी गेलो होतो. एरवी लांबूनच "या साहेब" अशी हाक घालणारे आबा त्या दिवशी निंबाखाली गप्प बसून होते. पिकाविषयी विचारले, तर नुसती मान हलवली. घरी चहा देता देता वहिनी म्हणाल्या, "साहेब, ह्यांचं काहीतरी बिघडलंय. डेअरीच्या दुधाचा हिशेब तोंडपाठ असायचा, आता कालचं मापही आठवत नाही. रात्री झोप नाही, जेवणात लक्ष नाही."

दोन वर्षांपूर्वी आबांच्या हृदयाची रक्तवाहिनी तुंबली होती. अँजिओप्लास्टी करून आत स्टेंट बसवला. तेव्हापासून कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी रोज रात्री घ्यायची होती. ती त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी कोणालाही न सांगता बंद केली होती. पुतण्याने मोबाईलवर काहीतरी दाखवले होते.

"मेंदूचं वंगणच काढून घेते म्हणे ती गोळी," आबा म्हणाले. "मग माणूस बधिर होणार न्हाई तर काय?"

मी डॉक्टर नव्हे, शेतीखात्याचा माणूस. पण मातीपरीक्षणाचे अहवाल समजावून सांगण्यात नोकरी गेली. एका आकड्यावरून सगळे निदान करू नये, एवढे त्यातून शिकलो. म्हणून हा विषय वाचून काढला आणि तालुक्याच्या डॉक्टरांकडून समजून घेतला.

आबांची शंका अगदीच निराधार नव्हती. कोलेस्टेरॉल हा काही नुसता शत्रू नाही. शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असते. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के, पण शरीरातील सुमारे एक पंचमांश कोलेस्टेरॉल तिथे असते. १९९० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक लेख आला. कोलेस्टेरॉल उतरवण्याच्या जुन्या प्रयोगांत हृदयविकाराचे मृत्यू घटले, पण अपघात, आत्महत्या आणि हिंसेने होणारे मृत्यू वाढलेले दिसले, असे त्यात होते. १९९३ साली कॅलिफोर्नियातील पाहणीत कोलेस्टेरॉल १६०च्या खाली असलेल्या वृद्ध पुरुषांत उदासीची लक्षणे जास्त आढळली. साहजिकच जगभर चिंता पसरली.

पण पुढची गोष्ट मोबाईलवर कोणी दाखवीत नाही. २००१ साली त्याच अभ्यासकांनी नव्या प्रयोगांसह पुन्हा हिशेब मांडला, तेव्हा गोळ्यांमुळे असे मृत्यू वाढतात असे ठरले नाही. २०१७ साली कोलेस्टेरॉल फारच खाली आणणाऱ्या एका इंजेक्शनचा प्रयोग प्रसिद्ध झाला. गोळी चालू असलेल्या बाराशेच्या वर रुग्णांची स्मरणशक्ती सुमारे दीड वर्ष तपासली, ती इंजेक्शन न घेणाऱ्यांइतकीच राहिली. कारण असे, की मेंदू आपले कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो. ज्या विहिरीला स्वतःचा झरा आहे, तिला कालव्याचे पाणी घटले तरी लगेच कोरड पडत नाही.

मग उदास माणसांत कोलेस्टेरॉल कमी का दिसते? पुष्कळदा गाडी उलटी असते. मन खचले की जेवण तुटते, वजन उतरते आणि कोलेस्टेरॉलही उतरते. म्हणूनच गोळी न घेता हा आकडा एकाएकी खाली आला, तर खूश होऊ नये. थायरॉइडचा जोर वाढणे, यकृताचा आजार किंवा दुसरे दुखणे त्यामागे असू शकते.

काही थोड्या लोकांना मात्र गोळीने विसराळूपणा किंवा गोंधळ जाणवतो, हेही खरे. अमेरिकेच्या औषध खात्याने २०१२ साली तशी सूचना औषधाच्या माहितीपत्रकात घालायला लावली. हा त्रास सहसा गंभीर नसतो आणि गोळी थांबवल्यावर जातो. पण थांबवायची की मात्रा बदलायची, हे डॉक्टरांनी ठरवायचे. स्टेंट बसवलेल्या माणसाने परस्पर गोळी सोडणे म्हणजे भर पावसात बांध फोडणे आहे.

पान पिवळे पडले की नत्र कमी, असे आपण झटकन म्हणतो. पण पाणी साचून मुळे गुदमरली तरी पान पिवळेच पडते. तसेच मनाचे आहे. ब-१२ जीवनसत्त्व कमी पडले, थायरॉइड मंदावले, झोप मोडली, कर्जाची काळजी लागली, तरी डोके बधिर होते. हृदयविकारानंतरही पुष्कळांना उदासी येते.

आबांना घेऊन डॉक्टरांकडे गेलो. तपासणीत ब-१२ फारच कमी निघाले. आबा माळकरी, आणि दूध सगळे डेअरीला जाणारे! डॉक्टरांनी त्याची इंजेक्शने दिली, रात्रीची गोळी पुन्हा सुरू केली आणि आबांना अर्धा तास बोलते केले. तेव्हा सोसायटीच्या थकबाकीची गोष्ट बाहेर आली. ती वहिनींनाही ठाऊक नव्हती. संक्रांतीला भेटलो तेव्हा आबांनी स्वतःहून हाक मारली आणि दुधाचा हिशेबही सांगितला. फरक इंजेक्शनाने पडला की मनातले बोलल्याने, हे मला सांगता येणार नाही. बहुधा दोन्हींनी.

तेव्हा घरच्या मंडळींना एवढेच सांगणे. गोळी परस्पर बंद करू नका आणि त्रास होत असेल तर लपवूही नका. डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे आणि जुने रिपोर्ट सोबत न्या. ब-१२ आणि थायरॉइडची तपासणी करावी का, हे विचारा. दोन आठवड्यांच्या वर मन खचलेले राहिले, तर तोही आजारच समजा. कोणी जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा बोलू लागले, तर त्याला एकटे सोडू नका आणि फवारणीची औषधे कुलपात ठेवा. सरकारच्या टेलि-मानस सेवेत १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत.

पिकाचा रोग आपण लगेच दाखवतो. मनाचा दाखवायला लाजतो. ती लाज महाग पडते.