शाळा कुणाच्या बंद आहेत? सुट्टीच्या आठवड्यात स्की रिसॉर्ट निवडताना

दिवाळी आटोपली की म्युनिक, लंडन, ॲमस्टरडॅम, फ्रँकफर्ट इथल्या मराठी घरांत एक विषय हमखास निघतो. मुलांच्या हिवाळी सुट्टीत स्कीइंगला कुठे जायचं, आणि गर्दी कशी टाळायची? आधी जाऊन आलेली मंडळी मनापासून सल्ले देतात. नाताळ टाळा. मोठं रिसॉर्ट घ्या, माणसं विखुरतात. उंचावर जा. शनिवार-रविवार नको. यातला प्रत्येक सल्ला कुठेतरी, कधीतरी खरा ठरलेला असतो, म्हणून तो टिकून राहतो. पण आल्प्समधली गर्दी मुख्यतः दोन गोष्टींवर ठरते: त्या आठवड्यात कुठल्या भागातल्या शाळा बंद आहेत आणि तिथल्या लोकांना सहज गाठता येण्यासारखे डोंगर कोणते. नकाशा, हॉटेल, उतारांची लांबी हे सगळं नंतर. आधी कॅलेंडर उघडा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

"सगळ्यात जास्त गर्दी नाताळात"

नाताळचे दोन आठवडे एकसारखे नसतात. 24 डिसेंबरपर्यंत बरेच उतार निवांत असतात आणि 25 च्या सकाळी तर फारच थोडी माणसं स्की चढवून बाहेर पडतात. लोंढा येतो 26 तारखेपासून, आणि तो नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी संपत नाही. इटली, ऑस्ट्रिया आणि बव्हेरियात 6 जानेवारीला, तीन राजांच्या सणाला, सार्वजनिक सुट्टी असते. त्यामुळे तिथे गर्दी त्या दिवसापर्यंत ताणली जाते आणि 7 तारखेला एकदम ओसरते. फ्रँकफर्टच्या कुटुंबांनी हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे. हेसेन राज्याची नाताळची सुट्टी 2026 मध्ये 10 जानेवारीपर्यंत आहे, तर बव्हेरियातल्या शाळा त्याआधीच उघडतात. ते तीन-चार दिवस म्हणजे पर्वणीच.

फ्रेंच आल्प्समध्ये तर खरा भर फेब्रुवारीतच असतो. नाताळ टाळला म्हणून निर्धास्त झालेली माणसं नेमकी तिथे सापडतात.

"फेब्रुवारीत सगळीकडे सारखीच गर्दी"

इथे जरा सविस्तर बोलायला हवं, कारण सगळी मेख इथेच आहे.

फ्रान्सने शाळांच्या सुट्टीसाठी देशाचे तीन विभाग केले आहेत: ए, बी आणि सी. लिआँ, ग्रनोब्ल, बोर्दो ए विभागात. लील, स्त्रासबूर्ग, मार्सेय, नीस बी विभागात. पॅरिस, तुलूझ, माँपेलिए सी विभागात. प्रत्येकाला दोन आठवड्यांची हिवाळी सुट्टी मिळते, पण ती एकाच वेळी सुरू होत नाही. 2026 च्या कॅलेंडरनुसार ए विभाग 7 फेब्रुवारीला सुटतो, बी 14 ला आणि सी 21 ला. म्हणजे चार आठवड्यांपैकी मधल्या दोन आठवड्यांत दोन-दोन विभाग एकत्र येतात, तर पहिल्या आणि शेवटच्या आठवड्यात एकेकच विभाग मोकळा असतो. हा क्रम दरवर्षी फिरतो. 2025 मध्ये बी विभाग पहिला होता. त्यामुळे "आम्ही गेल्या वर्षी याच तारखांना गेलो होतो, काही गर्दी नव्हती" या अनुभवावर यंदा विसंबता येत नाही.

जर्मनीत प्रत्येक राज्याचं वेगळं. बर्लिनला फेब्रुवारीच्या सुरुवातीला एक आठवडा, सॅक्सनीला दोन आठवडे, तर हेसेन आणि नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफेलियाला आठवडाभराची हिवाळी सुट्टीच नाही. बव्हेरियाची सुट्टी कार्निव्हलच्या आठवड्यात येते आणि कार्निव्हल ईस्टरच्या तारखेबरोबर मागेपुढे सरकतो. गोव्याच्या वाचकांना हे वेगळं सांगायला नको. पणजीत किंग मोमोची मिरवणूक निघते, त्याच शनिवारी म्युनिकच्या गाड्या दक्षिणेला डोंगरांकडे निघालेल्या असतात. 2025 मध्ये हा आठवडा मार्चच्या सुरुवातीला होता, 2026 मध्ये तो 14 फेब्रुवारीच्या शनिवारी सुरू होतो. म्हणजे बव्हेरियाची सुट्टी एका वर्षात दोन आठवड्यांहून जास्त पुढेमागे होते.

आता 14 ते 21 फेब्रुवारी 2026 हा एकच आठवडा पाहा. फ्रान्सचे ए आणि बी विभाग, इंग्लंडमधल्या बहुतेक शाळांची सत्रमध्य सुट्टी, बव्हेरिया, सॅक्सनी, नेदरलँड्सचा मध्य आणि दक्षिण भाग, बेल्जियम, ऑस्ट्रियातली अप्पर ऑस्ट्रिया आणि स्टायरिया ही राज्यं, सगळे एकदम सुटलेले. त्याच्या पुढच्याच आठवड्यात बव्हेरिया आणि इंग्लंड शाळेत परतलेले असतात, फ्रान्समध्ये मात्र बी आणि सी विभाग एकत्र असतात. ॲमस्टरडॅम नेदरलँड्सच्या उत्तर विभागात येतं, त्याची सुट्टी नेमकी या दुसऱ्या आठवड्यात. तेव्हा ॲमस्टरडॅमच्या कुटुंबाने फ्रान्सकडे न वळता ऑस्ट्रियाकडे जावं. आइंडहोवनचं मराठी कुटुंब मात्र दक्षिण विभागातलं, त्याच्या वाट्याला आधीचा आठवडा येतो. देश एक, दोन शहरांमधलं अंतर दीड तासाचं, आणि सल्ला वेगळा.

बर्लिनचं उदाहरण याहून बोलकं आहे. 2 ते 7 फेब्रुवारीच्या आठवड्यात व्हिएन्ना आणि लोअर ऑस्ट्रियाच्या शाळाही बंद असतात, म्हणून ऑस्ट्रियाचा पूर्व भाग भरतो. पण फ्रान्समध्ये त्या आठवड्यात एकही विभाग सुटलेला नसतो. बर्लिनकरांना फ्रेंच आल्प्स दूर वाटतात म्हणून ते तिकडे जात नाहीत, आणि नेमके तेच डोंगर तेव्हा मोकळे असतात.

"एवढं करण्यापेक्षा एक आठवडा आधी जा ना," असं मुलं नसलेले मित्र सहज म्हणून जातात. शाळकरी मुलांच्या आईवडिलांना ते जमत नाही. इंग्लंडमध्ये मुलाला परवानगीशिवाय पाच दिवस शाळेतून काढलं तर प्रत्येक मुलामागे प्रत्येक पालकाला 80 पौंड दंड होऊ शकतो, आणि 21 दिवसांत भरला नाही तर तो 160 होतो. जर्मनीत शाळेची हजेरी कायद्याने सक्तीची आहे. बव्हेरियात सुट्टीच्या तोंडावर विमानतळांवर पोलिसांनी अशा कुटुंबांना हटकल्याच्या घटना घडलेल्या आहेत. आठवडा आपल्या हातात नसतो. हातात असते ती जागा, आणि दिवसातली वेळ.

"मोठ्या रिसॉर्टमध्ये माणसं विखुरतात, लहान ठिकाणी तर गर्दीच नसते"

फ्रान्सच्या त्र्वा व्हॅलेमध्ये, म्हणजे तीन खोऱ्यांच्या जोडलेल्या क्षेत्रात, 600 किलोमीटर उतार आहेत. पण माणूस 600 किलोमीटरवर समान पसरत नाही. एका खोऱ्यातून दुसऱ्यात नेणाऱ्या मोजक्या लिफ्ट असतात आणि प्रत्येकाला तिकडेच जायचं असतं. इटलीतल्या डोलोमाइट्समधला सेलारोंडा हा त्याचा ठळक नमुना. सेला पर्वताभोवती चार खिंडी ओलांडत जाणारी सुमारे 40 किलोमीटरची ही फेरी एकदा तरी करावी अशी आहेच. पण कार्निव्हलच्या आठवड्यात सकाळी दहाला निघालात तर तुमच्याबरोबर शेकडो जण तीच फेरी करत असतात. शिवाय दुपारी साडेतीनच्या आत शेवटची खिंड ओलांडलेली असावी लागते, नाहीतर आपल्या खोऱ्यात परतायला टॅक्सी शोधावी लागते. तिथेच, मुख्य फेरीपासून एखादी लिफ्ट बाजूला गेलात, की उतार मोकळे मिळतात.

लहान ठिकाणांचं गणित उलटं. लेंग्रीसजवळचं ब्राउनेक म्युनिकहून तासाभरावर आहे, फ्लुम्सरबेर्ग झुरिकच्या हाताशी आहे. ऊन पडलेल्या रविवारी ही लहान ठिकाणं नावाजलेल्या रिसॉर्टपेक्षा जास्त गजबजतात. आकारापेक्षा अंतर मोठं ठरतं: मोटरवेपासून आणि विमानतळापासूनचं अंतर. म्हणून बव्हेरियाच्या सुट्टीत मी लोकांना पूर्व टिरोल सुचवते. फेल्बरटाउअर्न बोगद्यापलीकडच्या काल्स, मात्राय, सिलिआन या भागाला म्युनिकहून दोन-अडीच तास सहज लागतात, आणि तेवढ्यानेच बरीच गर्दी अलीकडे थांबते. स्वित्झर्लंडमधलं व्हाल दानिव्हिए, फ्रान्समधल्या मोरिएन खोऱ्याच्या वरच्या टोकाची ओसवा आणि बोनव्हाल-स्यूर-आर्क ही गावं त्याच कारणाने शांत राहतात. इटलीत अशी देशभर एकच आठवडाभराची सुट्टी नाही. बहुतेक प्रांतांत शाळांना कार्निव्हलचे मोजकेच दिवस मिळतात. त्यामुळे ऑस्ता खोऱ्यातली ठिकाणं मिलान-तुरिनच्या माणसांनी शनिवार-रविवारी भरतात आणि सोमवारी रिकामी होतात.

"जितकं उंच, तितकं मोकळं"

बर्फ कमी पडलेल्या वर्षी हे साफ चुकतं. खालच्या रिसॉर्टमधले उतार बंद पडले की तिथली माणसं हिंटरटुक्ससारख्या हिमनदीवर किंवा 2300 मीटरवरच्या व्हाल तोरांसला येतात. उंची कामी येते ती ईस्टरला. ज्यांना फेब्रुवारीत सुट्टीच नाही, अशा फ्रँकफर्ट-ड्युसेलडोर्फच्या कुटुंबांसाठी तेव्हाचं उंच रिसॉर्ट हा उत्तम पर्याय आहे.

"रांग नाही म्हणजे गर्दी नाही"

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती या समजाची, कारण इथे प्रश्न सुरक्षिततेचा आहे. दोन माणसांची जुनी चेअरलिफ्ट तासाला हजार-बाराशे माणसं वर नेते. आठ जणांची नवी चेअरलिफ्ट तीन हजारांहून जास्त नेते. रिसॉर्ट जाहिरात करतं, "आमच्याकडे रांगा नाहीत," आणि ते खरंही असतं. पण जी माणसं रांगेत उभी राहायची ती आता उताराव‍र असतात, आणि उताराची रुंदी काही वाढलेली नसते.

दुपारी साडेतीनला खोऱ्यात उतरणाऱ्या शेवटच्या उतारावर काय होतं ते पाहा. दिवसभर घासून बर्फाचे ढीग झालेले, मधे मधे कडक बर्फाचे चकाकते पट्टे. उतार जंगलातून जाताना अरुंद होतो. पाय थकलेले. स्की स्कूलची मुलं शिक्षकामागे नागमोडी ओळीत, कडेला बसलेले नवशिके, आणि मागून वेगात येणारे तरुण. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचा नियम स्पष्ट आहे: मागून येणाऱ्याने आपला मार्ग असा निवडायचा की पुढच्याला धोका होणार नाही. पण गर्दीत तो पाळला जाईलच याची खात्री नाही. सुट्टीच्या आठवड्यात मुलांना घेऊन या उतारावर जाऊ नका. गोंडोलाने खाली उतरा. त्यात कमीपणा काही नाही. रिसॉर्ट निवडतानाही हा प्रश्न आधी विचारा: खाली परतायला गोंडोला आहे का, की सगळ्यांना एकाच उताराने यावं लागतं?

"शनिवार-रविवार नकोच"

शहराजवळच्या ठिकाणी हे अगदी बरोबर. फ्रान्समधल्या मोठ्या, दूरच्या रिसॉर्टमध्ये मात्र शनिवार हा बहुधा आठवड्यातला सर्वांत मोकळा दिवस असतो. तिथली घरं शनिवार ते शनिवार भाड्याने दिली जातात. सकाळी दहाच्या सुमारास जुने पाहुणे सामान बांधून किल्ल्या परत करतात, नवे संध्याकाळपर्यंत पोचतात, आणि मधल्या वेळात उतार ओस पडतात. गर्दी त्या दिवशी रस्त्यावर असते. फ्रान्सची वाहतूक-सूचना सेवा बिझों फ्युते दिवसांना हिरवा, नारिंगी, लाल आणि काळा रंग देते. फेब्रुवारीतल्या शनिवारी आल्प्सकडे जाणाऱ्या रस्त्यांवर, विशेषतः अल्बेरव्हिल ते मूतिए या पट्ट्यात, तासन् तास अडकून पडावं लागतं. शुक्रवारी रात्री शाँबेरीला मुक्काम करून पहाटे वर जा, किंवा ट्रेन घ्या. बूर-सँ-मोरिस स्टेशनातून फ्युनिक्युलर सात मिनिटांत आर्क 1600 ला नेते. पोचल्याच दिवशी दुपारी स्कीइंग करता येतं, तेही मोकळ्या उतारांवर.

महागड्या ठिकाणी शांतता मिळते, असाही एक समज आहे. भाडं आणि पासची किंमत मागणीप्रमाणे चढते, म्हणजे सगळ्यात महाग आठवडा हा सगळ्यात गर्दीचाच आठवडा. अपवाद आहेत ते माणसांची संख्या बांधून ठेवणाऱ्या ठिकाणांचे. ऑस्ट्रियातल्या लेख-त्स्युर्सने दिवसाला 14,000 स्कीअर ही मर्यादा ठेवली आहे. अशा ठिकाणी पास आधी घेणं आलंच.

उरली दिवसातली वेळ. लिफ्ट साडेआठ-नऊला सुरू होतात, आणि खोऱ्यातल्या गोंडोलापाशी साडेनऊ ते साडेदहा हा सर्वांत वाईट तास, कारण तेव्हा स्की स्कूलचे वर्ग भरतात आणि त्यांच्या तुकड्यांना अनेक ठिकाणी रांगेत पुढे घेतात. स्की आदल्या संध्याकाळीच भाड्याने घेऊन ठेवा, पहिल्या गोंडोलाने वर जा आणि अकरा-सव्वाअकरालाच जेवून घ्या. साडेबारा ते दोन सगळे टेबलाशी असतात, तेव्हा उतार तुमचे.

आणि बुकिंगआधी एक काम जरूर करा. आल्प्समधल्या अनेक ठिकाणचे वेबकॅम फोटो-वेबकॅम आणि पॅनोमॅक्स या संकेतस्थळांवर दिसतात, आणि तिथे जुनी छायाचित्रंही तारीख-वेळेप्रमाणे पाहता येतात. मनातल्या रिसॉर्टचा कॅमेरा उघडा, मागच्या हंगामातला तोच शाळासुट्टीचा आठवडा निवडा, तीच तारीख नव्हे. मग सकाळी दहाची लिफ्टखालची रांग आणि दुपारी साडेतीनचा खालचा उतार, दोन्ही पाहून घ्या.