जुन्या पिकअपचे सैल सांधे

कर्ज फिटल्यानंतरची गाडी ही शेतकऱ्याच्या घरातली एक वेगळीच वस्तू असते. हप्ते संपलेले असतात, आरसी बुकावरचा बँकेचा बोजा उतरलेला असतो, आणि आता गाडी जे मिळवील ते आपले, या समाधानात घर असते. बँकेतल्या नोकरीत अशा गाड्यांची पुष्कळ प्रकरणे माझ्या हाताखालून गेली. आमच्या हिशेबात गाडी दरवर्षी झिजे. घसारा वर्षाला तीस टक्के धरला, तर पाच लाखांची गाडी दहा वर्षांनी कागदावर चौदा हजारांची उरते. प्रत्यक्षात मात्र तीच गाडी पहाटे टोमॅटोचे क्रेट भरून नारायणगावच्या बाजाराला निघालेली असते, आणि त्या आठवड्याचा घरखर्च तिच्या फेरीवर अवलंबून असतो. कागदावर संपत आलेल्या गाडीवर संसार उभा असतो. तिच्या देखभालीसाठी मात्र कोणत्याच खात्यात तरतूद नसते.

म्हणूनच जुन्या पिकअपचा मालक हळूहळू स्वतःच मिस्त्री होतो. ऑइल बदलणे, फिल्टर घालणे, पट्टा ताणणे ही कामे तो गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उरकतो. यात कमीपणा तर नाहीच, उलट कौतुकाची गोष्ट आहे. पण एक दिवस स्टेअरिंग हाताला ढिले लागू लागते, खड्ड्यातून जाताना पुढून खडखड ऐकू येते, आणि तो त्याच पान्यांनी त्याही कामाला हात घालतो. इथे मात्र क्षणभर थांबायला हवे. इंजिन बिघडले तर गाडी उभी राहते. स्टेअरिंगचा सांधा सुटला तर गाडी उभी राहत नाही; ती चालतच राहते, फक्त चालवणाऱ्याचे ऐकत नाही.

मग या कामाला घरच्या माणसाने हात लावूच नये का? तसे मी म्हणणार नाही. कुठवर लावावा, एवढाच प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर गाडीच्या रचनेतच सापडते.

मुंबईत १९४७ साली विलीज जीपची जुळणी सुरू झाली. त्या जीपच्या घडणीचा वारसा सांगणाऱ्या कितीतरी गाड्या आजही आपल्या गावरस्त्यांवर आहेत. अशा पिकअपला पुढे एक सलग आस असतो आणि तो दोन कमानींवर तोललेला असतो. टांग्याच्या कमानी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही रचना नवी नाही. लंडनच्या ओबडाया इलियटने घोडागाडीच्या कमानींचे पेटंट घेतले ते १८०४ साली. पाट्यांची चळत मधोमध सेंटर बोल्टने बांधायची आणि यू बोल्टने आसाला आवळायची. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना वळवून डोळे केलेले असतात. वजन पडले की कमान सपाट होते आणि लांबते, म्हणून तिचे एक टोक चासीला पक्के आणि दुसरे शॅकलवर झुलते ठेवलेले असते. शॅकल गंजून अडकला की कमान असूनही गाडी दगडासारखी आपटते.

स्टेअरिंगचे गणितही तितकेच जुने. वळणावर आतल्या चाकाला लहान वर्तुळ कापायचे असते, बाहेरच्याला मोठे. म्हणून आतले चाक थोडे अधिक वळावे लागते. म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गरने ही युक्ती काढली आणि लंडनमध्ये रुडॉल्फ आकेरमानने १८१८ साली तिचे पेटंट घेतले. नाव राहिले ते आकेरमानचे! दोन चाकांना जोडणारा टायरॉड, त्याच्या टोकांचे गोळ्यांचे सांधे, आणि ज्यांवर चाके वळतात ते किंग पिन ही सगळी त्या युक्तीची हाडे. त्यातला एक सांधा झिजला की दोन्ही चाकांचे जमेनासे होते.

आता घरी काय करता येईल ते पाहू. पहिले काम तपासणीचे, आणि त्याला खर्च शून्य आहे. गाडी सपाट जमिनीवर उभी करा, इंजिन बंद. घरातल्या कोणाला तरी स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे थोडे थोडे हलवायला सांगा आणि तुम्ही पुढे वाकून एकेक सांधा पाहा. एक भाग हलला आणि त्याला जोडलेला भाग मागाहून हलला, तर ढिलाई तिथेच आहे. बोट ठेवले तर ती डोळ्यांआधी बोटाला कळते.

मग पुढचे चाक जॅकवर उचला. त्याआधी मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, आणि आसाखाली भक्कम स्टँड दिल्याशिवाय जॅक सोडू नका. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. एक जुने रबरी सील काय ते तुमच्या आणि दीड टनाच्या मध्ये असते. आता चाक वर आणि खाली धरून हलवा. हलले, तर कोणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ढिलाई नाहीशी झाली तर दोष चाकाच्या बेअरिंगचा. राहिली तर किंग पिनचा. चाक दोन्ही बाजूंनी आडवे धरून हलवल्यावर खटखट आली तर संशय टायरॉड एंडवर घ्यावा. टायरही बोलतात. त्यांच्या नक्षीच्या कडा करवतीसारख्या लागल्या तर अलाइनमेंट बिघडले आहे. जागोजागी खळगे पडले असतील तर शॉकअब संपले आहेत.

दोष सापडला की खरा प्रश्न येतो, आणि त्यासाठी एकच नियम लक्षात ठेवावा: या भागात जुने जोडायचे नाही, नवे घालायचे. नवा भाग घालणे ही घरची दुरुस्ती होऊ शकते. टायरॉड एंड बदलताना स्प्लिट पिन काढा, नट थोड्या आट्यांवर राहू द्या, आणि ज्या डोळ्यात खुंटी बसली आहे त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने ठोका. खुंटी आपण होऊन सुटते. जुना एंड किती फेऱ्यांत निघाला ते मोजून लिहून ठेवा, नवा तितक्याच फेऱ्यांनी बसवा. एका बाजूचे आटे उलटे असतात, हे विसरू नका. नट आवळल्यावर पिनचे भोक जुळले नाही तर नट पुढे न्यावा, मागे कधीही सैल करू नये. पिन दर वेळी नवी. आणि एवढे केल्यावर गाडी सावकाश थेट अलाइनमेंटच्या यंत्रावर न्यावी. फेऱ्यांचा हिशेब तिथपर्यंत पोहोचण्यापुरताच असतो.

कमानीचे रबरी बुशही घरी बदलता येतात. त्यांना ग्रीस चोळू नये, रबर फुगते. आणि त्यांचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर पिळलेल्या अवस्थेतच अडकते. यू बोल्ट काढले तर नवे घालावेत आणि काही फेऱ्यांनंतर पुन्हा आवळून पाहावेत. जिथे ग्रीसचे निपल आहे तिथे जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत गन चालवावी. किंग पिन आणि स्टेअरिंग बॉक्स मात्र जाणत्या मिस्त्रीकडेच न्यावेत. बॉक्सचा स्क्रू पिळून ढिलाई घालवली तर ती मधल्या स्थितीत जाते, पण वळणावर स्टेअरिंग अडकू शकते.

आणि जे कोणीच करू नये ते हे: वाकलेला टायरॉड तापवून सरळ करणे, तुटक्या भागाला वेल्डिंग मारणे, पाट्याला गॅसची ज्योत दाखवून बाक देणे. पाट्याच्या पोलादाला जो ताव दिलेला असतो तो त्या ज्योतीत जातो, आणि पाटा दिसायला तोच राहतो. माल जास्त मावावा म्हणून मागे एक पाटा वाढवणे हाही असाच प्रकार. त्याने कमान कडक होते, पण ब्रेक, आस आणि चासी होती तशीच राहतात. माल मागच्या आसाच्याही मागे सरकला की पुढची चाके हलकी होतात, आणि स्टेअरिंग फिरवूनही गाडी वळायला कुरकुरते.

या सगळ्यामागे आपल्याकडचे एक लाडके वाक्य असते, "चालतंय की!" कर्जाच्या वसुलीला जाताना मी ते हप्त्यांच्या बाबतीत ऐकत असे. थकलेला हप्ता पुढच्या महिन्यात भरता येतो, त्यावर फार तर दंडव्याज लागते. सैल सांध्याला अशी मुदत नसते. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, पण ती तपासणी एका दिवसाची. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस तपासणारे आपणच. मालगाडीत माणसे बसवायची नाहीत हा नियम सर्वांना ठाऊक आहे, आणि तरी खुरपणीला निघालेल्या बायका, कडेवरच्या मुलांसह, मागच्या हौद्यात बसलेल्या आपण रोज पाहतो. काही शे रुपयांचा एक टायरॉड एंड त्यांच्या आणि घाटाच्या कठड्याच्या मध्ये असतो. त्यांनी तो कधी पाहिलेला नसतो. गाडी ज्याची, त्याने पाहिला असेल असे त्या धरून चालतात.

तेव्हा महिन्यातून एका रविवारी, चहा झाल्यावर, गाडीपुढे वाका. मुलाला, मुलीला स्टेअरिंगवर बसवा आणि हलवायला सांगा. त्यांनाही वाकून पाहू द्या, सांध्यावर बोट ठेवू द्या. ग्रीस केव्हा केले, बुश केव्हा घातला, किती किलोमीटरवर घातला, हे एका वहीत लिहून ठेवा. आणि बोटाला ढिलाई लागली, तर तो भाग बदलेपर्यंत त्या दिवशीचा माल दुसऱ्याच्या गाडीने पाठवा. भाड्याचे पैसे जातील, पण एवढा खर्च त्या वहीत आनंदाने लिहावा.