केसांना गम चिकटला तर

जुन्या पेढीवर डिंक, खळ आणि सरस ही तीन चिकटद्रव्ये सर्वांच्या परिचयाची होती. डिंक बाभळीचा, पाण्यात सहज विरघळणारा. खळ पिठाची; वह्यांचे पुठ्ठे आणि कागदी पिशव्या तिने चिकटत. सरस जनावरांच्या कातड्या-हाडांपासून तयार होई आणि तो तापवून सुतार लाकूड जोडीत. १९५९ साली बळवंत पारेख यांच्या उद्योगातून फेविकॉल बाजारात आले आणि सुतारांच्या हातातील सरस हळूहळू मागे पडला. त्यानंतर झटपट चिकटणाऱ्या लहान नळ्या आल्या, चपला-बुटांचा पिवळा गम आला, विजेवर तापणारी गमची बंदूक आली, दोन नळ्यांतील द्रव्ये एकत्र करून वापरावयाचे दगडासारखे घट्ट होणारे मिश्रण आले. आज सामान्य घराच्या एकाच खणात यांपैकी तीन-चार प्रकार सहज सापडतात, आणि घरातील मंडळी त्या सर्वांना ‘गम’ या एकाच नावाने ओळखतात.

हे एकच नाव संकटाच्या वेळी घातक ठरते. शाळेचा प्रकल्प करताना, मखर सजविताना किंवा दुकानात माल बांधताना एखाद्या मुलीच्या वेणीला गम लागला, की घरात एकच धावपळ उडते. कोणी कात्री आणते, कोणी रॉकेलची बाटली काढते, कोणी कढत पाणी ओतू पाहते. प्रत्येकाचा हेतू चांगला असतो; परंतु पांढऱ्या गमला जो उपाय लागू पडतो तो झटपट गमला पडत नाही, आणि मोठ्या माणसाच्या केसांवर जो चालतो तो बालकाच्या डोक्यावर चालत नाही. म्हणून पहिला प्रश्न ‘काय लावावे?’ हा नसून ‘काय लागले आहे?’ हा असला पाहिजे.

प्रथम दहा मिनिटे

केसाचा बाहेरील थर घराच्या कौलांसारख्या अतिसूक्ष्म खवल्यांचा असतो. पातळ गम त्या खवल्यांवर पसरतो आणि शेजारचे अनेक केस एकमेकांना जखडून टाकतो. डोक्याबाहेर दिसणारा केस निर्जीव असल्यामुळे गमने त्याला वेदना होत नाहीत. वेदना होतात त्या ओढाताणीने. त्यामुळे केसांना गम लागणे ही गैरसोय आहे, टाळूच्या त्वचेला लागणे ही काळजीची बाब आहे आणि डोळ्याला लागणे हे वैद्यकीय संकट आहे. हा क्रम लक्षात ठेवला, की घाई कोठे करावी आणि कोठे करू नये हे आपोआप समजते.

मुलाला शांतपणे बसवावे आणि त्याचे हात केसांपासून दूर ठेवावेत. ज्या बटेला गम लागला आहे ती वेगळी करून उरलेले केस मागे बांधावेत. नळी किंवा डबी शोधून तिच्यावरील मजकूर वाचावा. या वेळी रागावू नये, हे विशेष महत्त्वाचे. बोलणी बसतील या धास्तीने मुले गम लागल्याचे लपवितात आणि ओला असताना पाण्याने सुटणारा गम घट्ट वाळून बसतो.

पांढरा गम आणि तेलाने सुटणारे गम

शाळेत वापरला जाणारा दुधासारखा पांढरा गम सर्वांत सौम्य. कोमट पाण्यात ती बट दहा-पंधरा मिनिटे भिजू द्यावी. वाळलेला थर पुन्हा पांढुरका आणि मऊ होऊ लागतो. मग कंडिशनर किंवा थोडे तेल लावून रुंद दातांचा कंगवा टोकाकडून वर, थोडा थोडा फिरवावा. मुळाकडून खाली कंगवा ओढल्यास गाठ अधिक आवळते.

चपलांचा पिवळा रबरी गम, चिकटपट्टी आणि मालावरील लेबलांचा चिकटा यांवर पाण्याचा परिणाम होत नाही, तेलाचा होतो. खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल त्या जागेवर भरपूर लावून वीस ते तीस मिनिटे थांबावे. नंतर दोन बोटांनी गमची गोळी केसांच्या टोकाकडे हलकेच सरकवीत न्यावी. एका वेळी न सुटल्यास पुन्हा तेल लावावे आणि शेवटी शाम्पूने दोनदा धुवावे. परदेशी सल्ल्यांत यासाठी अंड्याचे मेयोनीज सुचविलेले आढळते. परंतु त्यात काम करते ते तेलच. शाकाहारी घराने त्यासाठी अडून बसण्याचे कारण नाही.

धान्याच्या दुकानांत आणि गोदामांत उंदरांसाठी ठेवल्या जाणाऱ्या चिकट पुठ्ठ्यांचा गमही याच गटातील. खाली वाकलेल्या मुलाचे केस त्याला सहज चिकटतात. अशा वेळी पुठ्ठा हिसडू नये. पुठ्ठा आणि केस यांच्यामध्ये तेल सोडत जावे. त्या पुठ्ठ्यावर अडकलेला जीव मात्र तासन्‌तास तडफडून मरतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने अशा सापळ्यांच्या विरोधात परिपत्रके काढलेली आहेत. ज्यांच्या पेढीवर ते अद्याप असतील त्यांनी ते हटवावेत. त्यात जीवदयाही आहे आणि आपल्या मुलांची सुरक्षितताही.

झटपट गम : सर्वांत अधिक फसविणारा

क्षणात चिकटणाऱ्या गमचा इतिहास मनोरंजक आहे. १९४२ साली अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीत हॅरी कूव्हर हे रसायनशास्त्रज्ञ बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लास्टिक शोधीत होते. हाती आलेला पदार्थ ज्याला लागेल त्याला चिकटू लागला, म्हणून तो बाजूला टाकण्यात आला. १९५१ मध्ये त्याच दोषातील गुण ध्यानी आला आणि १९५८ मध्ये तो चिकटद्रव्य म्हणून विक्रीस आला.

हा गम वाळल्यामुळे घट्ट होत नाही. हवेतील आणि त्वचेवरील ओलाव्याशी संयोग झाल्याने तो घट्ट होतो. म्हणूनच तो बोटांना इतक्या त्वरेने चिकटतो. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की ओला झटपट गम कापूस, सुती कापड किंवा लोकर यांना लागला तर तीव्र उष्णता निर्माण होते आणि त्वचा भाजू शकते. गम सांडताच पदराने किंवा कापसाने पुसण्याची सवय येथे अपाय करते. तो केसांवर पडला असेल तर हात न लावता घट्ट होऊ द्यावा.

त्यानंतर ती बट साबणाच्या कोमट पाण्यात भिजवावी, तेल लावावे आणि जेवढे सुटेल तेवढेच काढावे. हाच क्रम दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी करावा. टाळूला लागलेला पापुद्रा कधीही उपटू नये. त्वचेचा वरचा थर नित्य झडत असतो. त्याबरोबर तो काही दिवसांत आपोआप सुटतो.

नखांचा रंग काढण्याच्या काही द्रवांत ॲसिटोन असते आणि ते हा गम विरघळविते. परंतु ॲसिटोन अत्यंत ज्वालाग्राही आहे. त्याची वाफ हवेहून जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते. देवघरातील दिवा, उदबत्ती आणि स्वयंपाकघरातील शेगडी विझविल्याखेरीज, तसेच खिडक्या उघडल्याखेरीज ती बाटली उघडू नये. त्याचा उपयोग केवळ प्रौढ व्यक्तीने, टाळूपासून आणि चेहऱ्यापासून दूर असलेल्या केसांच्या टोकांवर, काही थेंबांपुरता करावा. लगेच केस धुवावेत आणि तेल लावावे. केस कोरडे करण्याचे विजेचे यंत्र त्या वेळी वापरू नये. लहान मुलांच्या डोक्यावर ॲसिटोन लावूच नये. त्यांच्यासाठी साबण, तेल आणि दोन-तीन दिवसांचा धीर एवढेच साहित्य पुरेसे आहे.

तापलेला गम आणि दोन नळ्यांचा गम

गमच्या बंदुकीतून निघणारा वितळलेला गम त्वचेवर पडला तर आधी तो भाजल्याचा प्रसंग समजावा. ती जागा वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावी, चिकटलेला गम ओढू नये आणि फोड आल्यास डॉक्टरांकडे जावे. केवळ केसांना लागला असेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बर्फ घालून त्या गोळीवर धरावा. थंडीने ती कडक व ठिसूळ होते आणि बोटांनी मोडता येते. उरलेले तुकडे तेलाने सुटतात.

दोन नळ्यांतील मिश्रण घट्ट होण्यापूर्वी साबणाच्या पाण्याने तत्काळ धुतले तर केस वाचतात. एकदा घट्ट झाल्यावर त्यावर घरगुती उपाय नाही. येथे कात्रीच प्रामाणिक मार्ग आहे.

कात्री केव्हा, डॉक्टर केव्हा

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. वीतभर केस कापले गेले तर ते भरून येण्यास दीड वर्षाहून अधिक काळ जातो. मोठ्यांना क्षुल्लक वाटणारी ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलीला वर्गात रोज सोसावी लागते. म्हणून कात्री हा पहिला उपाय नव्हे. ती चालविणे भागच पडले तर मुलीला तसे सांगून, तिची समजूत घालून, फक्त चिकटलेले मोजके केस कात्रीचे टोक उभे धरून कापावेत. संपूर्ण बट आडवी छाटू नये. टाळूलगत ब्लेड वापरू नये.

रॉकेल, पेट्रोल आणि रंगाचा थिनर हे तिन्ही केसांजवळ आणू नयेत. त्वचा जळजळते, वाफ फुप्फुसांत जाते आणि एका ठिणगीने घडणारा अनर्थ कोणत्याही वेणीच्या मोलाचा नसतो.

डोळ्यात किंवा पापण्यांवर झटपट गम गेला तर पापण्या बळाने उघडू नयेत, पापणीचे केस कापू नयेत, तेल किंवा ॲसिटोन लावू नये. कोमट स्वच्छ पाण्याने बाहेरून धुवावे, स्वच्छ ओली घडी वर ठेवावी आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे. गमची नळी आणि डोळ्यांच्या औषधाची बाटली आकाराने सारखी असल्यामुळे चुकून गम डोळ्यात टाकला गेल्याचे प्रसंग वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. तेव्हा औषधांच्या पेटीत गम ठेवू नये, हा नियम प्रत्येक घराने पाळावा. टाळू लाल होऊन सुजली, पू आला किंवा मोठा भाग जखडला गेला तरीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

घरातील आणि दुकानातील सर्व गम एकदा बाहेर काढून त्यांवर मोठ्या अक्षरांत नाव लिहावे : पाण्याने सुटणारा, तेलाने सुटणारा, मुलांनी हात न लावण्याचा. या कामाला अर्धा तासही लागत नाही. आणि घरात वडीलधारे नसताना प्रसंग ओढवला, तरी धाकट्यांना कोणती बाटली उचलावी आणि कोणती उचलू नये हे त्या अक्षरांवरून कळेल.