दुखणे सांध्याचे, प्रश्न भाराचा

गर्भारपणाचा पाचवा-सहावा महिना उलटला की अनेकींच्या जांघेत कळ येऊ लागते. कुशीवर वळताना माकडहाडाच्या वरच्या बाजूला चमक निघते, पायरी चढताना पाऊल उचलवत नाही. युरोपातील तज्ज्ञांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार साधारण पाच गर्भवतींपैकी एकीला हा त्रास होतो. यावर घरातून बहुधा दोनच उत्तरे मिळतात. एक म्हणजे ‘पोटुशीला दुखायचंच’, दुसरे म्हणजे ‘आता अंथरुणातून उठू नकोस’. उत्तरे परस्परविरोधी दिसली तरी दोन्हींच्या मुळाशी समजूत एकच आहे: बाळासाठी हाडे सैल होतात, म्हणून दुखते, आणि त्याला इलाज नाही. पुराव्यापुढे ही समजूत टिकत नाही. ती बाजूला ठेवली, तर कर्जत-खालापूरच्या एखाद्या डोंगरवाडीतही करता येतील असे उपाय समोर येतात.

सैलपणाची कल्पना निराधार नाही. १९२६ मध्ये फ्रेडरिक हिसॉ या शास्त्रज्ञाला गिनीपिगच्या मादीत प्रसूतीआधी जघनास्थींमधला बंध सैल करणारा स्राव आढळला. तोच पुढे रिलॅक्सिन म्हणून ओळखला गेला. माणसातही हा स्राव असतो आणि ओटीपोटाच्या पुढच्या सांध्यातली चार-पाच मिलिमीटरची फट गर्भारपणात आणखी दोन-तीन मिलिमीटर रुंदावते. पण हे सगळ्याच गर्भवतींत घडते, दुखते मात्र पाचांतील एकीला. रक्तातले रिलॅक्सिन मोजून त्याची दुखण्याशी सांगड घालण्याचे प्रयत्न झाले, त्यांतून ठाम संबंध हाती लागला नाही. म्हणजे केवळ सैलपणाने दुखत नाही. कमरेचे त्रिकास्थी दोन श्रोणीफलकांच्या मध्ये बसते ते बोरघाटातल्या रेल्वेच्या जुन्या पुलांमधल्या कमानीच्या मधल्या दगडासारखे. आकारामुळे ते अडकते, दोन्ही बाजूंच्या दाबामुळे टिकते. शरीरात हा दाब पोटाचे खोल स्नायू, नितंबांचे स्नायू आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू देतात. बंध सैल होत असताना या स्नायूंना जास्त काम करावे लागते. त्यांची ताकद किंवा मेळ अपुरा पडला, अथवा एका पायावर वारंवार भार आला, की सांध्यांची कुरबुर सुरू होते. आधीपासून कंबर दुखणाऱ्या किंवा कमरेला मार लागलेल्या बाईला हा धोका अधिक असतो, तो याचमुळे.

हे लक्षात घेऊन इथल्या बाईच्या दिवसाकडे पाहावे. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस झेलणाऱ्या या तालुक्यांतल्या अनेक वाड्यांत मार्चपासून पाण्यासाठी चढउतार सुरू होतो. डोक्यावर हंडा, कडेवर कळशी, आणि कधी कळशीच्या जागी मोठे मूल. डोक्यावरचे ओझे निदान मधोमध असते. कडेवरचे ओझे श्रोणीच्या एकाच बाजूवर पडते, आणि दुखऱ्या सांध्याला नेमके तेच सोसत नाही. भातलावणीत चिखलातून एकेक पाय उपसत, वाकून मागे सरकावे लागते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी बाईच्या वाट्याला उकिडवे बसणे आणि विटांची ने-आण येते. कर्जतहून लोकलने कल्याण-ठाण्याला नोकरीसाठी जाणारीचे काम वेगळे, पण पुलाच्या पायऱ्या आणि गर्दीत एका पायावर तोल सांभाळत उभे राहणे तिलाही चुकत नाही.

इथे एक आक्षेप हमखास येतो: कष्ट करणारीचे बाळंतपण सोपे जाते, आमच्या पिढीने लावणी करता करता मुले जन्माला घातली, तेव्हा व्यायाम वेगळा कशाला? हालचाल चांगली, एवढा भाग यात खरा आहे. पण कष्ट आणि व्यायाम यांत फरक आहे. कष्टाचे ओझे आणि वेळ बाई ठरवत नाही. व्यायामात ती दुखू लागताच थांबू शकते आणि दोन्ही बाजूंना सारखे काम देऊ शकते. स्वीडनमधल्या गोथेनबर्ग येथे ३८६ गर्भवतींवर झालेल्या, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या उपचारापेक्षा स्नायूंना स्थैर्य देणाऱ्या व्यायामाने वेदना अधिक कमी झाल्या. ॲक्युपंक्चरचा परिणाम त्याहून सरस दिसला, पण ते वाडीत कुठून आणायचे? व्यायामाला मात्र जागा आणि शिकवणारी एवढेच लागते. पुरावा अगदी भक्कम आहे असे मी म्हणणार नाही. २०१५ च्या कॉक्रेन आढाव्याने व्यायामाचा फायदा कंबरदुखीत नोंदवला, निव्वळ ओटीपोटाच्या दुखण्यात तो तितका स्पष्ट नाही. पण हा उपाय स्वस्त आणि बहुतेकींना निर्धोक आहे. शिवाय त्याला पर्याय म्हणून जे चालते, ते सक्तीचे अंथरूण, त्याच्या बाजूने तर याहूनही कमी पुरावा आहे. पडून राहिल्याने आधार देणारे स्नायूच दुबळे होतात.

म्हणून उपाय भाराच्या वाटणीत शोधावा. पाण्याची कळशी घरातल्या दुसऱ्या कुणी आणावी. ही दया नव्हे, उपचार आहे. मोठ्या मुलाला कडेवर घेण्याऐवजी बसून मांडीवर घ्यावे. कपडे बसून घालावेत, पायरीवर एका वेळी एकच पाऊल टाकावे, कुशीवर वळताना दोन्ही गुडघे जुळवून वळावे आणि झोपताना गुडघ्यांमध्ये गोधडीची घडी ठेवावी. आधारपट्टा वापरायचा तर तो पोटाच्या घेराखालून, नितंबांच्या पातळीला बांधावा आणि थोडा वेळच. पोट आवळणे हा वेगळाच प्रकार झाला. दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्या टाळाव्यात. आयबुप्रोफेन-डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांचा विसाव्या आठवड्यानंतर बाळाच्या मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो; पॅरासिटामॉलही डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. आणि प्रत्येक दुखणे सांध्याचेच असते असे नाही. ताप, लघवीला जळजळ, रक्त किंवा पाणी जाणे, ठरावीक अंतराने येणाऱ्या कळा, बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही असल्यास दवाखाना गाठायला उशीर करू नये. चालणेच अवघड होऊन हाडे दुखत असतील, तर ‘ड’ जीवनसत्त्वाच्या अभावाचाही विचार व्हायला हवा.

दुसरा आक्षेप आरोग्य यंत्रणेकडून येतो, आणि तो गंभीर आहे. जिथे रक्तक्षय आणि रक्तदाबाने आईचा जीव धोक्यात येतो, तिथे जीव न घेणाऱ्या दुखण्यासाठी वेळ कुठला? पण जिला पायरी चढवत नाही, ती वाडीवरून उतरून तपासणीला येईल कशी? दुखण्याकडे पाहणे हा रक्तदाब तपासण्याच्याच कामाचा भाग आहे. त्यासाठी नवी यंत्रेही लागत नाहीत. गर्भवतीला पाठीवर थोडाच वेळ झोपवून एक सरळ पाय वीतभर उचलायला सांगायचा. तो जड वाटला आणि कमरेच्या दोन्ही बाजूंनी हाताने दाबल्यावर सहज उचलला गेला, तर दोष भार पेलण्यात आहे असा अंदाज बांधता येतो. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला तपासणी होते. त्या रांगेत ही चाचणी दोन मिनिटांची आहे. खालापूरच्या कारखान्यांत उभ्याने काम करणारीला मातृत्व लाभाच्या कायद्याचाही आधार आहे. प्रसूतीपूर्वीच्या सहा आठवड्यांच्या आधीच्या एका महिन्यात तिने मागणी केली, तर तिला कष्टाचे किंवा दीर्घकाळ उभे राहण्याचे काम देता येत नाही. वीटभट्टीवर हा आधार कागदावरच राहतो. तिथे मुकादमाशी बोलणे आणि भट्टीपर्यंत पाठपुरावा करणे हेच यंत्रणेचे काम ठरते.

बहुतेकींचे दुखणे बाळंतपणानंतर काही महिन्यांत उतरते, काहींचे मात्र उरते, आणि तोवर सगळ्यांचे लक्ष बाळाकडे गेलेले असते. नॉर्वेत अशा ८१ बायांवर झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेमक्या व्यायामाचा फायदा दोन वर्षांनंतरही टिकला होता. आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांत बाळासाठी सहा-सात वेळा घरी जातात. बाळाचे वजन घेऊन झाले की आईला विचारावे: कुशीवर वळता येते का, पायरी चढता येते का, आणि पाणी कोण आणते?