आडात असेल तरच पोहऱ्यात येईल
नवे तंत्र, मोबाईलची चावडी आणि आपला तोडणीचा नंबर



गळीत हंगाम तोंडावर आला की आपल्या भागात दुसरा विषय राहत नाही. पारावर, चहाच्या हॉटेलात, लग्नाच्या पंगतीत एकच विचारणा चालू असते : "तोड कवा येते?"

मी एका जुन्या सभासदाचा मुलगा. शिकलो, पुण्यास गेलो आणि गेली चौदा वर्षे सॉफ्टवेअर लिहिण्याचे काम करतो. घर अजून पैनगंगेच्या काठीच आहे. चार एकर ऊस आहे आणि तोडीची काळजी आपल्या सर्वांइतकीच आहे. नव्या तंत्राबद्दल सभासदांना उमजेल असे काही लिहावे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला. यंत्राची वाखाणणी करणारा लेख लिहिणे सोपे होते. त्याऐवजी माझी झालेली एक फसगत आणि तीतून आलेली समज सांगतो. तिचा आपल्या उसाशी सरळ संबंध आहे.

चावडी खिशात आली

ज्याला आम्ही कामकरी लोक ‘सोशल ॲप’ म्हणतो, ती चीज काही परकी नाही. चार माणसे एका जागी जमतात, बोलतात, ऐकतात, एकमेकांस काही दाखवतात. आपली गावची चावडी हेच करीत आली. मोबाईलमधल्या चावडीला मात्र भिंती नसतात आणि तिचा पाटील कोण, ते कुणाला दिसत नाही.

तीन वर्षांमागे दिवाळीला गावी आलो असताना मी गावासाठी अशी एक चावडी तयार केली. फोटो टाकण्याची सोय, बाजारभाव, हवामान, बेण्याची माहिती, प्रश्नोत्तरे, सगळे मराठीत. रात्री जागून काम केले. पहिल्या आठवड्यात साठ-पासष्ट जण त्यात आले. महिन्याने पाहतो तो सकाळी सूर्योदयाची चित्रे आणि संध्याकाळी पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, एवढेच चालू होते. बाजारभावाचे पान कोणी उघडून पाहीना.

शेजारचे एक काका आहेत, वय सत्तरीच्या पुढे. त्यांना विचारले, "काका, कसं वाटलं?" त्यांनी मोबाईल हातात घेतला, चष्मा वर सारला आणि म्हणाले, "बाबू, चांगलं दिसते. पण याच्यात माह्या उसाचा नंबर कितवा हाय, ते दिसते का?"

म्हटले, "नाही काका. ते कारखान्याच्या वहीत असतं."

"मंग हे कायले केलं?"

मजजवळ उत्तर नव्हते.

वारणेचा धडा

पुण्यास परतल्यावर थोडा शोध घेतला. तेव्हा कळले की काकांचा हा प्रश्न आपल्याच राज्यातल्या ऊसवाल्यांनी फार आधी विचारून ठेवलेला आहे.

तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या वारणा सहकारी समूहाच्या परिसरात १९९८ साली एक मोठा प्रकल्प हाती घेण्यात आला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावे संगणकाने जोडायची, असा संकल्प होता. केंद्र सरकार, राज्य सरकार व वारणा समूह यांनी खर्च वाटून घेतला आणि राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तांत्रिक बाजू सांभाळली. गावोगाव संगणक केंद्रे निघाली. शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी योजना, जमिनीचे उतारे, शिक्षण असे सर्व काही गावात मिळावे, ही अपेक्षा होती. हेतू चांगला होता, माणसेही मेहनती होती.

पुढे मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या बंगळूर येथील संशोधन संस्थेतली मंडळी तेथे गेली. लोक या केंद्रांवर येऊन नेमके काय करतात, हे त्यांनी पाहिले. बाकीच्या गोष्टी जवळजवळ बाजूस राहिल्या होत्या. लोक विचारीत होते ते उसाचे : नोंद झाली का, तोडीचा परवाना निघाला का, टन किती भरले, पैसे किती जमा झाले. म्हणजे काकांचाच प्रश्न!

मग त्या मंडळींनी सात गावांत आठ महिने वेगळा प्रयोग केला. संगणकाऐवजी साधा मोबाईल ठेवला. त्यावरून लघुसंदेश पाठवायचा, कारखान्यातल्या संगणकाला जोडलेला दुसरा मोबाईल तो घेणार आणि नोंदवहीतले उत्तर परत धाडणार. जे काम संगणक करीत होता ते सर्व या साध्या साधनाने झाले, तेही कमी खर्चात. राजेश वीरराघवन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली हा अहवाल प्रसिद्ध केला.

त्या सहकाऱ्यांत केंटारो तोयामा नावाचे एक गृहस्थ होते. त्यांनी पुढे २०१५ साली एक पुस्तक लिहिले. त्याचे सार आपल्या भाषेत असे : यंत्र स्वतः काही चांगले-वाईट आणत नाही, जे आधीचे आहे तेच मोठे करते. कारभार नीट असेल तर तो अधिक नीट होईल. कारभारात वशिला असेल तर वशिला वेगाने चालेल. आपले वाडवडील हेच म्हणत आले, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

एक पान, तेवीस नावे

मी ती चावडी मोडली. पुढल्या हंगामाआधी फक्त एक पान तयार केले. गावातल्या तेवीस ऊसवाल्यांकडे नोंदीच्या पावत्या मागितल्या. कुणी ट्रंकेतून काढल्या, कुणी पोथीच्या पानांतून. क्षेत्र, उसाची जात, लागण की खोडवा आणि तारीख, एवढे घेऊन तारखेच्या क्रमाने नावे लावली. ज्याचा ऊस तुटेल त्याच्या नावापुढे तोडीची तारीख पडणार. हे पान प्रत्येकाच्या मोबाईलवर होते आणि एक छापील प्रत सोसायटीच्या दारावर चिकटवली.

या खेपेस कोणाला आग्रह करावा लागला नाही. दिवस मावळला की लोक पान पाहत. तिसऱ्या आठवड्यात नवव्या नंबरचा ऊस चौथ्याच्या आधी तुटला. नवव्या नंबरावर नाव आमच्या बाबांचे होते.

टोळी जवळच्याच वावरात होती. मुकादम ओळखीचा होता. स्लिप देणाऱ्या पोराकडे बाबांनी शब्द टाकला होता. गव्हासाठी रान मोकळे हवे होते आणि असे तर सगळेच करतात, म्हणून बाबांना त्यात वावगे वाटले नव्हते. पण चौथ्या नंबरावर होत्या एक विधवा बाई. दीड एकर खोडवा, त्याला तुरा आलेला. उसाला तुरा आला की आत पोकळ पडतो, वजन घटते, हे मी आपणांस सांगायला नको. बाईंचा फोन बटणाचा. पान त्यांनी सोसायटीच्या दारावर मुलाकडून वाचून घेतले होते. त्या आमच्या अंगणात आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "भाऊ, माहा चवथा होता ना?"

बाबा काही बोलले नाहीत. रात्री मला फोनवर म्हणाले, "घरातली गोष्ट तू चव्हाट्यावर आणली." नंतर दोन दिवस माझ्याशी बोलणे बंद. मीही मनात म्हटले, हे पान केले नसते तर बरे झाले असते. खोटे का सांगू, ते बंद करण्यासाठी मी एकदा हातही उचलला होता.

तिसऱ्या दिवशी बाबा स्वतः गट कार्यालयात गेले, मुकादमाला गाठले आणि पुढली तोड बाईंच्या वावरात धरायला लावली. मला त्यांनी हे सांगितले नाही. पानावर चौथ्या नावापुढे तारीख पडली, तेव्हा मला कळले.

त्यानंतर सगळे सुरळीत झाले, असे नाही. त्या हंगामात आणखी दोन नंबर पुढेमागे झाले. एकाच्या वावरात पाटाचे पाणी सुटायचे होते, दुसऱ्याचा ऊस जळाला होता. दोन्ही वेळा कारण पानावर लिहिले आणि कोणी हरकत घेतली नाही. यावरून मला एक गोष्ट पटली : कारण कळले तर ऊसवाला थांबतो. न सांगता डावलले तर तो आयुष्यभर विसरत नाही.

चावडीला आग लागते तेव्हा

मोबाईलच्या चावडीचा उपयोग नाही, असे मी म्हणत नाही. २०१८ साली अमेरिकन लष्करी अळी प्रथम कर्नाटकात मक्यावर सापडली आणि त्याच सालात आपल्या राज्यात उसावरही तिची नोंद झाली. अशा वेळी कुणी पानाचा फोटो जाणत्या माणसाकडे वेळेवर धाडला तर शिवार वाचते.

पण त्याच साली १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे काय घडले, हेही विसरता येत नाही. मुले पळविणारी टोळी फिरते, अशी अफवा मोबाईलवरून पसरली होती. पोट भरण्यासाठी गावोगाव भिक्षा मागणाऱ्या डवरी गोसावी समाजातल्या पाच निरपराध माणसांना जमावाने ठेचून मारले. देशात इतरत्रही असे प्रकार झाले. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲप कंपनीने आपल्या देशापुरती मर्यादा घातली की आलेला संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे ढकलता येणार नाही. २०१९ च्या जानेवारीत तोच नियम जगभर लागू केला.

आमच्या धंद्यातल्या माणसाने यातून शिकावे असे पुष्कळ आहे. एका वेळी पाच की शंभर, हा आकडा दूर कुठेतरी खुर्चीवर बसलेला आमच्यासारखाच कोणी ठरवतो. त्याच्यावर कधी माणसाचा जीवही अवलंबून असतो. म्हणून ॲप बनवणाऱ्याने ‘आणखी काय घालता येईल’ याआधी ‘यातून कोणाचे नुकसान होईल’ हे स्वतःस विचारले पाहिजे. आणि वापरणाऱ्याने, नियम कोणी केला, हे विचारले पाहिजे.

आपण काय मागावे?

नवी साधने येतच राहणार. २०२२ साली साखर आयुक्तालयाने ऊस नोंदणीसाठी ‘महा-ऊस नोंदणी’ हे ॲप आणले. बारामतीस ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने उपग्रहाची चित्रे व कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून ऊस पिकविण्याचे प्रयोग हाती घेतले. त्यांचे स्वागतच करावे. मात्र आपल्या कारखान्यात असे काही येईल तेव्हा सभासद म्हणून पुढील गोष्टींचा आग्रह धरावा, असे मला वाटते.

१. आधी वही, मग यंत्र. नोंदीची तारीख व क्षेत्र मूळ वहीत चुकले असेल तर ॲप तीच चूक सर्वांना दाखवील.

२. गटाची क्रमपाळी गटातल्या प्रत्येकास दिसावी. नंबर बदलला तर कोणी, केव्हा व का बदलला, हे शेजारीच लिहिलेले असावे. खोडून काढण्याची सोय कोणालाही नसावी.

३. ज्यांच्याकडे मोठा मोबाईल नाही, त्यांना साध्या फोनवर मराठीत बोलून तीच माहिती मिळावी. छापील प्रत गावात लागावी. आमच्या गावी काम झाले ते दारावरच्या कागदाने, हे ध्यानात असू द्यावे.

४. काट्यावर वजन होताच टनाचा आकडा सभासदास कळावा. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावयाचे असतात आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज. ती चौदावी तारीखही पावतीवर छापावी.

५. तक्रार करणाऱ्याचे नाव समितीस कळावे, गावास नव्हे. नाव उघड झाले तर ‘माह्याच उसाला मागं टाकतील’ या भयाने कोणी बोलणार नाही. नावच नसले तर खोट्या तक्रारींना ऊत येईल. हा प्रश्न मी सहा महिने घोळवला, यापेक्षा बरा मार्ग मला सापडला नाही.

६. आपली माहिती आपली राहावी. फुकटचे ॲप पुष्कळदा जाहिरातीवर चालते आणि तेथे आपले बोलणे-चालणे हाच विकण्याचा माल असतो. सहकारात सभासद मालक आहे. कोणाच्या वावरात किती ऊस, कोणाला किती पैसे, हे बाहेर द्यायचे की नाही, ते सर्वसाधारण सभेने ठरवावे.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींना यंत्र लागतच नाही. फळा आणि खडू पुरतो. तेवढे आपण या हंगामात सुरू केले तर पुढे येणारे कोणतेही तंत्र आपल्या कामास येईल. वार्षिक सभेत हा विषय घ्यावा, अशी संचालक मंडळास नम्र विनंती आहे. ज्या गटास असे पान करून हवे असेल, त्यांनी शेतकी खात्यामार्फत निरोप द्यावा. काम मी विनामूल्य करून देईन.

गेल्या हंगामात आमच्या बाबांचा नंबर अकरावा होता आणि अकरावाच तुटला. गहू पेरायला उशीर झाला. त्याबद्दल बाबांनी मला चार शब्द ऐकवले. पण संध्याकाळी सोसायटीच्या दाराशी उभे राहून, फोन नसलेल्यांना पान वाचून दाखवण्याचे काम हल्ली तेच करतात.

कळावे. जय सहकार!

— एका सभासदाचा मुलगा